गोष्ट वळवणारी बाई

रामायणाची गोष्ट नेमकी कुठे वळते असं विचारलं, तर बहुतेक जण सीताहरणाकडे बोट दाखवतात. ती वळते त्याच्या कितीतरी आधी, अयोध्येच्या महालात, एका दासीच्या तोंडून. रामाच्या राज्याभिषेकाची बातमी ऐकून कैकेयी हरखते, अंगावरचा दागिना काढून मंथरेला देते आणि मंथरा तो भिरकावून देते. थोड्याच वेळात कैकेयी कोपभवनात जाऊन पडते. मंथरा नसती तर दुसऱ्या दिवशी राम गादीवर बसला असता आणि वाल्मीकींना पुढे सांगायला फारसं काही उरलं नसतं.

रामानंद सागरांचं ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर सुरू झालं आणि जुलै १९८८पर्यंत चाललं. त्यातली मंथरा ललिता पवारांनी केली. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. पहिल्यांदा त्या पडद्यावर आल्या त्या १९२८ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ नावाच्या मूकपटात, बालकलाकार म्हणून. मधल्या साठ वर्षांत मूकपटाचा बोलपट झाला, पगारी कंपन्या जाऊन कंत्राटं आली, कृष्णधवल पडदा रंगीत झाला आणि शेवटी पडदाच दिवाणखान्यातल्या पेटीत येऊन बसला. ललिताबाई या सगळ्यांत काम करत राहिल्या. नायिकेची कारकीर्द दहा-पंधरा वर्षांत आटोपते, मग चरित्र अभिनेत्रीची साठ वर्षं कशी टिकते? हे यंत्र आतून कसं चालतं, ते ललिताबाईंच्या कामावरून जरा सावकाश उलगडून पाहू.

ललिताबाई मूळच्या येवल्याच्या. जन्म १८ एप्रिल १९१६, जन्मनाव अंबा लक्ष्मणराव सगुण. त्यांच्या लहानपणी सिनेमा म्हणजे पगारी कंपनीचं काम होतं. नटनट्या महिन्याच्या पगारावर असत आणि कंपनी सांगेल ते काम करत. आज राजकन्या, उद्या घोड्यावर, परवा हातात तलवार. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा ‘दिलेर जिगर’ हा १९३१चा मूकपट सुदैवाने आजही टिकून आहे. त्यातल्या ललिताबाई पाहिल्या की सासूची कल्पनाही मनात येत नाही. चपळ, तडफदार, मारामारीच्या चित्रपटात शोभणारी नायिका आहे ती.

मूकपटातल्या तालमीचा एक मोठा फायदा असतो आणि तो पुढे जन्मभर पुरतो. तिथे संवाद नाहीत. मधूनमधून पाटीवर अक्षरं येतात, बाकी सगळं मान, खांदे, हात आणि डोळे यांनी सांगायचं. त्यातून नटाला एक शिस्त लागते: मनात विचार बदलला की अंगातही काहीतरी बदललं पाहिजे, आणि ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसलं पाहिजे. बोलपट आल्यावर ज्यांची भिस्त फक्त रूपावर होती ती मंडळी मागे पडली. ललिताबाई बोलपटातही तितक्याच सहज आल्या. १९३८ साली त्यांनी टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’वरून ‘दुनिया क्या है’ हा चित्रपट स्वतः निर्माण केला. १९४१च्या ‘अमृत’मध्ये मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनाखाली, वि. स. खांडेकरांच्या कथेत त्यांनी काम केलं. हे सगळं त्या प्रसिद्ध अपघाताच्या आधीचं आहे, हे ध्यानात ठेवायला हवं.

तो अपघात १९४२चा. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान, म्हणजे पुढे ज्यांना सगळे भगवानदादा म्हणू लागले ते, यांनी ललिताबाईंना थोबाडीत मारायची असा प्रसंग होता. थप्पड भलतीच जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला इजा झाली. उपचार दीर्घकाळ चालले. चेहरा बराचसा सावरला, डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला. वय होतं सव्वीस.

‘एका थपडेने नायिकेची खलनायिका केली,’ असं त्यांच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं. मला हे वाक्य मुळीच मान्य नाही. थपडेने त्यांच्याकडून नायिकेची कामं हिरावून घेतली, एवढंच खरं. कला दिली नाही. दुखावलेला डोळा ही काही अभिनयाची पदवी नव्हे. तसं असतं तर अपघात झालेला प्रत्येक माणूस ललिता पवार झाला असता.

तरीही डोळ्याचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही, कारण पडद्यावर तो काम करतोच. तो कसा, ते पाहू. त्या काळी नायिकेचा क्लोजअप घेताना छायालेखकाची सगळी धडपड चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा यासाठी असे. प्रकाश समोरून, किंचित वरून, सावल्या मऊ, दोन्ही डोळ्यांत एकेक चमकता ठिपका. अशा चेहऱ्यावर प्रेक्षक आपल्या मनातलं काहीही वाचू शकतो, म्हणून तो नायिकेचा चेहरा. डाव्या-उजव्यात फरक असलेला चेहरा तेवढा मोकळा राहत नाही. एक डोळा उघडा आणि एक बारीक दिसला की पाहणाऱ्याला वाटतं, ही बाई काहीतरी जोखते आहे. समोरच्याचं बोलणं तिला पटलेलं नाही. तिच्या पोटात काहीतरी आहे. एक शब्द न बोलता प्रसंगात संशय उभा राहतो.

पण हाच डोळा ‘अनाडी’त पाहा. हृषीकेश मुखर्जींचा हा चित्रपट १९५९चा. मिसेस डिसा ही घरमालकीण, आणि राज कपूर तिच्याकडे राहणारा कफल्लक चित्रकार. ती त्याच्यावर करवादते, भाडं मागते, आणि त्याच तोंडाने त्याला जेवायला वाढते. इथे तो बारीक डोळा आपल्याला संशयी वाटत नाही. रागावलेल्या आईने हसू दाबताना बारीक केलेला वाटतो. डोळा तोच, अर्थ उलटा. म्हणजे अर्थ डोळ्यात नसतो. आधीच्या वाक्यात, आवाजाच्या पट्टीत, ताट सरकवणाऱ्या हातात असतो. तो अर्थ ललिताबाई घडवत, डोळा फक्त त्याला पोचवत असे. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

आता यंत्राचा मुख्य भाग. चरित्र भूमिकेचं काम काय असतं? गोष्ट नायक-नायिका वाहून नेतात हे दिसतंच, पण ती स्वतःहून वळत नाही. नायकाला काहीतरी हवं असतं आणि तो सरळ त्या दिशेने निघालेला असतो. त्याला वळायला लावेल असं कुणीतरी वाटेत उभं लागतं. ‘अनाडी’तून मिसेस डिसा काढून टाका. नायक भाबडा आहे, त्याचं प्रेम जमलेलं आहे, कारखानदार रामनाथ त्याच्यावर खूश आहे. पुढे? काहीच नाही. मिसेस डिसा आजारी पडते, रामनाथच्याच कंपनीच्या सदोष औषधाने दगावते आणि खुनाचा आळ नायकावर येतो. हसतखेळत चाललेला चित्रपट तिच्या मृत्यूपाशी काटकोनात वळतो. पण हे वळण लागू पडण्यासाठी ती गेल्यावर प्रेक्षकाला घरचं माणूस गेल्यासारखं वाटायला हवं, आणि तेवढा जीव लावायला तिच्या वाट्याला मोजकेच प्रसंग असतात. नायकाला अडीच तास मिळतात, चरित्र अभिनेत्रीला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. म्हणून तिचा प्रत्येक प्रसंग आधीपासूनच तापलेला असावा लागतो. खोलीत शिरतानाच कळलं पाहिजे की ही बाई या घरात किती वर्षं राहते आहे.

मराठी माणसाला हे वळवण्याचं काम समजावून सांगायला नको. त्यासाठी आपल्या भाषेत वाक्प्रचारच आहे: ‘ध’चा ‘मा’ करणे. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला तो ३० ऑगस्ट १७७३ला, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं ही दंतकथा त्याला कायमची चिकटली. प्रभातच्या १९४४च्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाई केली ती ललिताबाईंनीच. एक अक्षर बदलायचं आणि इतिहास फिरवायचा. पुढे मंथरा वाट्याला येणाऱ्या नटीने त्रेचाळीस वर्षं आधी आनंदीबाई करावी, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. ताकद ओळखणारी नजर दोन्ही वेळा होती.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात कौटुंबिक चित्रपटांची लाट आली आणि अशा भूमिकांची गरज एकदम वाढली. लढाई रणांगणावरून माजघरात आली की सेनापतीही माजघरातलाच लागतो. व्ही. शांतारामांच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू ललिताबाईंनी अशी केली की त्या नावाभोवती खाष्ट सासूचा शिक्काच बसला. शिक्का बसण्याचे दोन परिणाम होतात. काम मिळत राहतं, हा एक. दुसरा जास्त महत्त्वाचा: प्रेक्षक तिला पडद्यावर पाहताच पुढचं ओळखू लागतो, त्यामुळे दिग्दर्शकाचे सुरुवातीचे दोन-तीन प्रसंग वाचतात. ही बाई कडक आहे हे वेगळं सांगावं लागत नाही, श्रेयनामावलीत नाव आलं की झालं. आणि ज्याला गंमत करायची असेल त्याला त्या अपेक्षेच्या विरुद्ध जाऊन ती करता येते.

‘प्रोफेसर’ (१९६२) हे त्याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण. कडक शिस्तीची आत्या, तरुण शिक्षक घरात नको म्हणणारी. म्हणून शम्मी कपूर दाढी लावून म्हातारा प्राध्यापक होऊन येतो. आणि ही आत्या त्या म्हाताऱ्याच्याच प्रेमात पडते! इथे दुसऱ्या एखाद्या नटीने सरळ विनोद केला असता. ललिताबाई तसं करत नाहीत. ज्या स्त्रीला आयुष्यात कुणी प्रेमाने विचारलं नाही, ती उतारवयात लाजते आहे हे त्या अगदी मनापासून करतात. आपण हसतो, आणि हसता हसता पुढे काय होणार या विचाराने पोटात कालवतं, कारण दाढी खोटी आहे हे आपल्याला ठाऊक असतं, तिला नसतं. नायकाच्या सोंगाला पहिल्यांदा किंमत चुकवावी लागते ती इथे. प्रेमकथा सोयीची होती, ती आता नैतिक पेचाची होते. पुन्हा वळण.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडवतात, तेही पाहण्यासारखं आहे. चित्रपट गोष्टीच्या क्रमाने चित्रित होत नाही. दिवाणखान्याचा सेट लागला की दिवाणखान्यातले सगळे प्रसंग ओळीने उरकतात, मग ते सुरुवातीचे असोत की शेवटचे. म्हणजे सासूला सकाळी सुनेची क्षमा मागत रडायचं असतं आणि जेवणानंतर त्याच सुनेला पहिल्या दिवशी उंबऱ्यावर अडवायचं असतं. शिवाय तारखा नायकाच्या सोयीने ठरतात. तो दुसऱ्या सेटवर असेल तर त्याचं बोलणं सहायक दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून सपाट आवाजात वाचतो, आणि त्या सपाट आवाजाकडे पाहून तुम्हाला मुलगा दुरावल्याचं दुःख आणायचं असतं. नायकाचा करार अख्ख्या चित्रपटाचा, तर चरित्र कलाकाराचा हिशेब बहुधा कामाच्या दिवसांचा. म्हणून एका वेळी चार-पाच चित्रपट हातात ठेवावे लागतात. सकाळी एकीकडे ख्रिस्ती घरमालकीण, दुपारी दुसरीकडे सनातनी आत्या. १९५९ या एकाच वर्षात ‘अनाडी’तली मिसेस डिसा आणि बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’तली जातपात मानणारी कर्मठ बाई या दोन्ही भूमिका ललिताबाईंच्या आहेत. एकीने परक्या मुलाला पोटचा मानायचं, दुसरीने घरात वाढलेल्या मुलीला परकी मानायचं.

त्या ओढाताणीत भूमिका हाताबाहेर जाऊ नये म्हणून अनुभवी नट एक खूण पकडून ठेवतो. चालण्याची लय, पदर खोचण्याची तऱ्हा, बोलण्याआधी घेतलेला श्वास. ती खूण सापडली की क्रम कितीही उलटापालटा झाला तरी माणूस तोच राहतो. ललिताबाईंचे तीन-चार चित्रपट आवाज बंद करून पाहावेत, असं मी आग्रहाने सांगेन. ‘श्री ४२०’मधली केळी विकणारी गंगामाई जमिनीला धरून बसते, तिचा सगळा भार खाली असतो. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मधली श्रीमंत आत्या ताठ मानेने चालते, भार वर, हनुवटीत. दोन्ही चित्रपट एकाच वर्षातले, १९५५चे. संवाद न ऐकताही कोण कोणत्या घरातली हे लख्ख कळतं. मूकपटाची तालीम पुरते म्हटलं ते हे.

आणखी एक गोष्ट या धंद्यात स्वीकारावी लागते: वय. पडद्यावरचं वय जन्मदाखल्यावर ठरत नाही, भूमिकेवर ठरतं. ‘दाग’मध्ये (१९५२) ललिताबाई दिलीपकुमारांची आई झाल्या, तेव्हा त्यांच्यात सहा वर्षांचं अंतर होतं. ‘जंगली’तल्या (१९६१) शम्मी कपूरच्या, घरात कुणी हसायचं नाही असा नियम करणाऱ्या आईचं खरं वय मुलापेक्षा जेमतेम पंधरा वर्षांनी जास्त. जी नटी हे लवकर आणि मनापासून स्वीकारते तिला पुढे कुणी मागे टाकू शकत नाही, कारण म्हातारपणाची ती आधीच मालकीण झालेली असते. सत्तरीला पोचेपर्यंत ललिताबाईंना म्हाताऱ्या बाईचं काम करण्याचा तीस-पस्तीस वर्षांचा सराव झाला होता.

तिसरा टेकू असतो तो दिग्दर्शकांच्या विश्वासाचा. हृषीकेश मुखर्जींनी ‘अनाडी’नंतर ‘मेम दीदी’त (१९६१) ललिताबाईंना थेट शीर्षकभूमिका दिली. दहा वर्षांनी ‘आनंद’ केला तेव्हा रमेश देवांनी साकारलेल्या डॉक्टरच्या रुग्णालयात एक कडक मेट्रन ठेवली, आणि तिचं आडनाव पुन्हा डिसा. प्रेक्षकाला जुनी ओळख आपोआप लागते. ही वरून रागावणारी, आतून मायेची बाई आपण पाहिली आहे. त्यामुळे आनंद तिची थट्टा करतो तेव्हा ती विरघळणार हे आपल्याला तिच्याही आधी कळतं, आणि ती डोळे टिपते तेव्हा आपलेही भरून आलेले असतात. दहा वर्षांपूर्वीची पुण्याई एका छोट्या भूमिकेत अशी वापरता येते.

आता दूरदर्शन. चित्रपटात वळणाला दहा मिनिटं मिळतात आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. मालिकेत वळण रविवारांत विभागलं जातं. मंथरा एका रविवारी कैकेयीच्या कानाशी लागते, मग सबंध आठवडा जातो. आमच्या गल्लीत तेव्हा मोजक्या घरांत टीव्ही होता. सकाळी अंघोळी उरकून सगळे त्या घरांत जमायचे, आणि भाग संपल्यावर नळाच्या रांगेत मंथरेचा उद्धार चालायचा. एक आजी तर तिचं नावही घ्यायच्या नाहीत, ‘ती मेली’ एवढंच म्हणायच्या. पण त्याच आजी टीव्हीसमोर तिच्या प्रसंगाला सगळ्यांत पुढे सरकून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. आठवडाभराच्या त्या चर्चेत भूमिका प्रेक्षकांच्या घरात मुरते. चित्रपटाला हे साधत नाही.

दुसरा फरक पडद्याच्या आकाराचा. सिनेमागृहात हातवारे शोभतात. तेव्हाच्या छोट्या पडद्यावर लांबून घेतलेलं दृश्य मुंग्यांसारखं दिसे, म्हणून चेहऱ्यावर चेहरे येत. अशा वेळी नटाला सगळं आवरून चेहऱ्यात आणावं लागतं. मंथरेची पाठ वाकलेली, म्हणजे मान वर करून, खालून पाहायचं. तिचं बोलणं काही आरडाओरड्याचं नाही. ती आधी हळहळते, मग भरताची काळजी करते, कौसल्येचं नाव काढते, आणि अगदी शेवटी जुन्या दोन वरांची आठवण करून देते. पद्मा खन्नांची कैकेयी आधी तिला झिडकारते. खरा अवघड भाग तो झिडकारल्यानंतरचा आहे. तिथे चिडायचं नाही. गप्प राहायचं, दुखावल्यासारखं पाहायचं, आणि समोरचीला वाटू द्यायचं की ‘हिचं म्हणणं ऐकून तरी घ्यावं’. प्रेक्षकाला मंथरेचा राग येतोच. पण कैकेयीच्या जागी आपण असतो तर आपणही फसलो असतो, अशी पुसटशी शंका त्याला यावी लागते. ती आली नाही तर कैकेयी नुसती मूर्ख ठरते, दशरथ दुबळा ठरतो आणि रामाच्या त्यागालाही अर्थ उरत नाही. एवढा सगळा डोलारा त्या दासीच्या प्रसंगावर उभा असतो.

ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ला पुण्यात गेल्या. टाळेबंदीत, मार्च २०२०मध्ये दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं, तेव्हा ज्यांनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं अशी मुलं टीव्हीसमोर बसली होती. कैकेयी कोपभवनाकडे गेली की मंथरेचं काम संपतं. पुढे गोष्ट गंगा ओलांडून अरण्यात शिरते, चौदा वर्षं चालत राहते, आणि त्या वाटेवर मंथरा कुठेच नसते.